ठिपकीच्या पोटाखालचा दगड

मी एक जुना दगड आहे. तसे पाहिले तर दगड म्हणवून घेण्याचाही मला अधिकार नाही. डोंगराने मला कधी पाहिलेले नाही आणि नदीने मला कधी घासलेले नाही. साच्यात ओतून तयार केलेला, वरून दगडासारखा रंगवलेला आणि पोटात विजेची तार असलेला असा मी तापणारा दगड. ज्या प्राण्यांना आपल्या अंगात आपली ऊब तयार करता येत नाही त्यांना ती द्यायची, एवढेच माझे काम होते. मित्रांनो, एवढे सोपे काम, आणि तेही मला धड जमले नाही. माझी गोष्ट ऐकून तुम्ही मला दगड म्हणाल, आणि शिवी म्हणून म्हणाल. म्हणा, मी रागावणार नाही.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे साच्यांची रांग सरकत्या पट्ट्यावरून पुढे जायची. एक कामगार प्रत्येक साच्यात तार नागमोडी पसरायचा, म्हणजे ऊब सगळीकडे सारखी लागावी. त्याच्या पुढचा कामगार वरून सिमेंट आणि वाळूचा लगदा ओतायचा. माझी पाळी आली तेव्हा पट्टा कुठेतरी अडखळला, साच्याला हिसका बसला आणि माझी तार सरकून एका कोपऱ्यात गोळा झाली. तेवढ्यात लगदा पडला आणि सगळे झाकले गेले. मला मात्र आत काहीतरी टोचल्यासारखे झाले होते. पण म्हटले, पोटात थोडा गुंता असला म्हणून काय बिघडले? पुष्कळांच्या असतो.

पुढे एका बाईंनी मला रंग दिला. तपकिरी रंगावर पिवळट छटा झाल्यावर त्यांनी बारीक ब्रशने माझ्या पाठीवर एक भेग काढली. शेजारची म्हणाली, "ती कशाला? कुणी सांगितलीय?" त्या म्हणाल्या, "दगडाला एखादी भेग हवीच गं. नाहीतर खोटा वाटतो." मी त्या भेगेवर फार खूश होतो. शेवटी एका माणसाने माझा प्लग लावला, थोडे थांबून माझ्या मधोमध बोट टेकवले, "चालतोय" म्हणाला आणि मला खोक्यात भरले. त्याने कोपऱ्याला हात लावला नाही. माझ्या आयुष्यात मला तपासणाऱ्या सगळ्यांनी हातच लावला, वेळेवर मोजून कुणीच पाहिले नाही.

मग मी प्राणी आणि प्राण्यांचे खाणे विकणाऱ्या एका दुकानात आलो. माशांच्या खाण्याच्या डब्यांमागे माझी जागा होती आणि तिथे मी धूळ खात पडलो. जाणकार गिऱ्हाइके यायची, मला उचलायची, माझ्या बुडाखालचा मजकूर वाचायची आणि "नको, असले दगड धोक्याचे" असे म्हणून परत ठेवायची. मला त्यांचा भारी राग यायचा. न वापरताच नावे ठेवतात, असे मला वाटायचे. आज त्यांची आठवण आली की मान खाली जाते, म्हणजे मला मान असती तर गेली असती.

तिथून मला एक इस्त्रीवाला घरी घेऊन गेला. त्याचे दुकान रस्त्याला लागून होते आणि मागे दोन खोल्यांत घर होते. दुकानात लांब टेबल, टेबलावर जाड घोंगडी, भिंतीला कपड्यांचे गठ्ठे आणि सगळीकडे वाफेचा ओलसर वास. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून हा माणूस इस्त्री करत आला होता, आधी कोळशाची, मग विजेची. तापलेली कॉलर तो नुसत्या तळहाताने दाबून बसवायचा. इस्त्री किती तापली हे पाहायला तो तिच्या बुडाला बोट लावायचा आणि सावकाश काढून घ्यायचा. समोरचा दचकायचा, हा हसायचा. कापड करपायच्या आधी त्याला त्याचा वास यायचा. उष्णतेतले मला कळत नाही असे काही नाही, असे तो म्हणायचा आणि ते कुणाला खोटे वाटत नसे.

घरात त्याची बायको होती आणि एक शाळेत जाणारी मुलगी. मुलीला सगळे बटण म्हणत, कारण लहानपणी तिने एका गिऱ्हाइकाच्या शर्टाचे बटण गिळले होते. ते बटण यथावकाश परत मिळाले, पण नाव तिला चिकटले ते चिकटलेच. ती नुकती चालायला लागली होती तेव्हा तिने गरम इस्त्रीला हात लावला होता. तिच्या तळहाताच्या कडेला अजून पांढरी रेघ आहे. त्या दिवशी इस्त्रीवाल्याने घरात एक कायदा केला. प्लग लावलेल्या कुठल्याही वस्तूला बटणने हात लावायचा नाही. जे काही तपासायचे ते बाबांनी तपासायचे. तो कायदा प्रेमातून आला होता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले त्यात त्याचाही हात होता.

बटणकडे एक पाल होती. दचकू नका, भिंतीवरची नव्हे. अंगावर बिबट्यासारखे ठिपके असणारी, जाड शेपटीची, पापण्या मिटणारी अशी ती लेपर्ड गेको. एक जुने गिऱ्हाईक दूरच्या गावी कायमचे राहायला गेले आणि जाताना काचेच्या पेटीसकट ती बटणला देऊन गेले. बटणने तिचे नाव ठिपकी ठेवले. ती आली तेव्हा आई कपाळाला हात लावून म्हणाली होती, "लोक पाली हाकलतात, आणि आम्ही तिला घर देतोय! उद्या झुरळांना पाहुणचार करा." पाणी भरायची वेळ आली तर ती लांब चिमट्याने वाटी ओढून काढायची. पेटीत तिने हात कधीच घातला नव्हता.

उन्हाळ्यात ठिपकीचे बरे चालले होते. मग हवा गार झाली. ठिपकी आपल्या गुहेत गोळा होऊन पडू लागली. समोर किडा सोडला तरी ती त्याच्याकडे नुसती बघायची. या प्राण्यांची चरबी शेपटीत साठते आणि तिची शेपटी रोडावत चालली होती. बटणने शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक आणले आणि जेवताना ते उघडून बसली.

"बाबा, तिला पोटाखालून ऊब लागते. नाहीतर खाल्लेलं पचत नाही. इथं लिहिलंय, तापमान मोजायला लागतं आणि ते आपोआप कमीजास्त करणारी डबी पण लागते."

"ऊब मी आणतो," इस्त्रीवाला म्हणाला, "मोजायचं काय त्यात? आयुष्य गेलं माझं उष्णतेत. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

आणि तो मला घेऊन आला. दुकानदाराने सांगितले होते, प्लग लावा आणि विसरून जा. पण इस्त्रीवाला विसरणारा नव्हता. त्याने मला पुसले, पेटीत ठेवले, प्लग लावला, वाट पाहिली आणि मग आपला तळहात माझ्यावर सबंध टेकवला. मधोमध टेकवला, कडेला टेकवला आणि तार गोळा झालेल्या त्या कोपऱ्यावरही टेकवला. मित्रांनो, मी मनात म्हणत होतो, आता कळेल याला, आता हा हात झटकेल. पण तो शांतपणे हात फिरवून म्हणाला, "कोमट आहे. छान." बटण हात मागे बांधून बाजूला उभी होती. तिने विचारले, "मी लावून बघू?" तो म्हणाला, "प्लग चालू आहे ना? मग?" तिने हात मागेच ठेवले.

आणि मीही सुखावलो. एवढा जाणकार माणूस कोमट म्हणतो म्हणजे मी कोमटच असणार. आपल्याला हवे ते कुणी म्हटले की खरे काय ते आठवायचे नाही, हा दुर्गुण दगडांतही असतो.

त्याच संध्याकाळी ठिपकी गुहेतून बाहेर आली. तिने जिभेने मला चाटून पाहिले, पुढचे पाय माझ्यावर ठेवले आणि हळूच चढून पोट टेकवले. मग तिने डोळे मिटले. माझ्या सगळ्या आयुष्यात मला तसा आनंद झालेला नाही. दोन दिवसांत ती किडे खायला लागली. घरात माझे कोण कौतुक! बटणने मैत्रिणींना आणून मला दाखवले. गिऱ्हाइके कपडे द्यायला आली की इस्त्रीवाला त्यांना काउंटरच्या आत बोलवायचा आणि म्हणायचा, "हा दगड नसता तर आमची ठिपकी गेली होती." आईसुद्धा म्हणाली, "चला, कुणीतरी त्या पालीला सांभाळणारं मिळालं." मी फुगून बसलो होतो. दगडाला फुगता येत नाही म्हणून बरे.

थंडी वाढली. पेटीची काच गार, वाळू गार, पाणी गार. गरम जागा तेवढी माझी पाठ आणि माझ्या पाठीवरही सर्वांत गरम तो कोपरा. ठिपकी तिथेच बसायची. तासन्‌तास हलायची नाही. तार आत फणफणत असायची आणि मला ती थांबवता येत नव्हती. तिच्या पोटाची कातडी किती नाजूक असते ते मला पाठीवर जाणवत होते. ज्याचे जळते त्याला कळते असे माणसे म्हणतात. तिचे जळत होते आणि तिलाही कळत नव्हते. मला कळत होते आणि सांगता येत नव्हते. ती उठली की मी सुटलो असे वाटायचे पण ती पुन्हा यायची.

एकदा ठिपकी मागच्या पायांवर उभी राहून काचेला पंजे घासत होती. बटणला तिचे पोट दिसले.

"बाबा, हिच्या पोटावर डाग आहे. तपकिरी."

"ठिपकी आहे ती. डाग नसतील तर काय असेल?" हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालता घालता तो म्हणाला. ती हसली. पण तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच असणार, कारण त्यानंतर ती पेटीसमोर जास्त वेळ बसू लागली. आणखी एकदा ते पोट दिसले, तेव्हा डाग मोठा होता. तिने तोंड उघडले आणि मिटले. ज्याला सगळे कळते त्याने एकदा सांगितल्यावर परत काय विचारायचे!

मग ती दुपार आली. बटण शाळेत होती. जाताना आईला म्हणाली होती, "आई, ठिपकीचं पाणी बघशील?" आईने पाहिले तर वाटी कोरडी पडली होती आणि सरकून माझ्या मागे गेली होती. चिमटा पोहोचेना. ठिपकी माझ्यावर पसरली होती, डोळे मिटलेले, शेपटी काडीसारखी. आईने पदर खोचला, तोंड वाकडे केले आणि पहिल्यांदाच हात आत घातला. वाटी काढताना तिचे मनगट माझ्या कोपऱ्याला लागले.

"आई गं!" वाटी खाली पडली. "अहो, इकडे या! हा दगड भाजतोय!"

"छे! सकाळीच बघितलाय मी. कोमट आहे."

"परत बघा."

तो हात पुसत आला, ठिपकीच्या बाजूने तळहात घातला आणि नेमका तिथेच टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला. "आहे की कोमट. तुला सवय नाही ना, म्हणून वाटतं तुला."

आईने त्याचा हात बाहेर घेतला, उलटा केला आणि दिव्याखाली धरला. पिवळट, चकचकीत, घट्ट झालेली कातडी होती ती. कपड्यांच्या घड्या दाबून दाबून त्यावरच्या रेषासुद्धा पुसट झाल्या होत्या. तिने आपल्या अंगठ्याचे नख त्यात रुतवले.

"कळतंय?"

"काय?"

"नख रुतवतेय मी."

तो आपल्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने बाही वर केली आणि हाताची आतली बाजू, जिथे कातडी मऊ असते ती, माझ्या कोपऱ्याला लावली. त्याचा चेहरा आवळला. कुणीही हात मागे घेतला असता. त्याने घेतला नाही. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अरे काढ, काढ! शेवटी आईने त्याचा दंड धरून ओढला. तिथे लाल चट्टा उठला होता. ठिपकीला भाजले ते नकळत, पण त्याला तर मी त्याच्या डोळ्यांदेखत भाजले. माझ्यावर ती वेळ त्यानेच आणली होती, तरी तोही गुन्हा माझाच.

त्याने प्लग ओढून काढला. ठिपकीला दोन्ही हातांत घेऊन उलटे केले. ते पोट मी सांगणार नाही. तो एवढेच म्हणाला, "मला वास कसा आला नाही?" आणि खाली बसला.

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे ठिपकीला नेले आणि सोबत पिशवीत मलाही नेले, गुन्हेगाराला नेतात तसे. बाईंनी जखम धुतली, मलम लावले. मग माझा प्लग लावून मला टेबलावर ठेवले आणि लांबूनच तापमान सांगणारे एक यंत्र माझ्यावर रोखले. एका टोकाला आकडा आला एकोणतीस. कोपऱ्यावर आला सत्तेचाळीस.

"हा कुणी तपासला होता?" बाईंनी विचारले.

इस्त्रीवाल्याने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"ती उठून का गेली नाही हो?" आईने विचारले.

"कुठं जाणार? सगळी पेटी गार. थंडीनं गारठलेला जीव मिळेल ती ऊब सोडत नाही. आणि चटका बसतोय हे यांच्या पोटाला आपल्यासारखं पटकन कळत नाही." बाई रागावल्या नव्हत्या, आणि तेच त्याला जास्त लागले असावे. "ऊब द्यायचीच आहे. पण पेटीच्या खालून, पातळ चटई मिळते तिची. तिला थर्मोस्टॅट जोडायचा, म्हणजे ठरवलेल्या आकड्याला वीज आपोआप थांबते. त्याची तार तिचं पोट टेकतं तिथं ठेवायची, वर काचेवर नाही. एक बाजू बत्तीसच्या आसपास आणि दुसरी पंचविसाला. दोन्हीकडे लपायला जागा. मग काय गरम, काय गार, ते तिचं तिला ठरवू दे."

"वाचेल का?" इस्त्रीवाल्याने विचारले.

"जखम चिघळली नाही आणि ती खायला लागली तर. पुढची कात नीट टाकली की मग आपण वाचली म्हणू."

संध्याकाळी बटण शाळेतून आली. वाटेत मी ऐकले होते, आई म्हणत होती, "तिला सांगू या की आजारी पडली. एवढंसं पोर आहे." पण इस्त्रीवाला दुकानाच्या पायरीवर बसला आणि मुलीला शेजारी बसवले. मी पिशवीत त्याच्या पायाशी होतो.

"ठिपकीला भाजलंय. त्या दगडानं. मी रोज बघत होतो आणि मला कळलं नाही. माझ्या हाताला आता कळत नाही गं, आणि ते मला माहीत नव्हतं."

बटण रडली. मग म्हणाली, "मी दुसऱ्यांदा डाग बघितला होता. बोलले नाही."

आतून आई म्हणाली, "मी किळस सोडून आधीच हात घातला असता तर?"

त्या घरात त्या दिवशी वाटणी चालली होती, पण उलटी. प्रत्येकाला आपला वाटा मोठा हवा होता. माझा वाटा कुणी मागितलाच नाही. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत, फेकून दिले नाही. इस्त्रीवाल्याने पक्कड घेऊन माझी तार मुळापासून कापली आणि मला खिडकीत ठेवून दिले, एवढेच. रागावले असते तर बरे झाले असते असे मला वाटले. दगडाला पाझर फुटत नाही, पण का फुटत नाही ते मला त्या खिडकीत कळले. फुटायला वाटच नसते.

खिडकीतून पेटी दिसायची. वाळू जाऊन तिथे साधा कागद अंथरला होता. पेटीखाली चटई आली, चटईला थर्मोस्टॅट आला, आणि त्याच्या तारेचे टोक गरम गुहेच्या तळाशी बसले. दोन्ही बाजूंना आकडा दाखवणारी दोन मापे लागली. बटण उठल्याबरोबर दोन्ही आकडे मोठ्याने वाचायची. इस्त्रीवाला तोंडात ब्रश असला तरी थांबून ऐकायचा आणि ऐकल्यावरच चूळ भरायचा.

पण ठिपकी खाईना. गरम गुहेतही जाईना. गार बाजूला कोपऱ्यात बसून राहायची. मला वाटायचे, मी तिचे पोटच नव्हे, ऊब या गोष्टीवरचा तिचा विश्वासच जाळला. रोज बटण चिमट्यात किडा धरून तिच्यापुढे हलवायची आणि रोज तो किडा परत डब्यात जायचा. दुकानात गाणी लावणे बंद झाले. गिऱ्हाइके विचारायची, "कशी आहे तुमची ठिपकी?" आणि तो मान न उचलता म्हणायचा, "बघू." टेबलावरची इस्त्री आता तो पाण्याचा शिंतोडा उडवून बघायचा, बोट लावायचा नाही.

मग एका संध्याकाळी आई एकटीच पेटीपुढे बसली होती. तिने चिमटा बाजूला ठेवला, दोन बोटांत किडा धरला, डोळे गच्च मिटले आणि हात आत नेला. "खा गं बाई. माझ्यासाठी नको, त्या दोघांसाठी खा." ठिपकीने मान तिरकी केली. शेपटीचे टोक थरथरले आणि तिने झडप घातली. आई किंचाळली ती किळसेने की आनंदाने, हे तिला स्वतःलाही सांगता आले नसते.

त्यानंतर ठिपकी खात गेली. गुहेतही जाऊ लागली. शेपटी भरत आली. आणि एके दिवशी तिचा रंग फिका पडला, अंग दुधाळ दिसू लागले. ती कात टाकणार होती. घरातले सगळे पेटीभोवती जमले. ठिपकी तोंडाने कात ओढायची आणि खाऊन टाकायची. काही वाया जाऊ द्यायचे नाही याबाबतीत ती आईच्या वरताण होती. डोके निघाले, पाठ निघाली, पाय निघाले. पण पोटावर, जिथे जखम भरली होती तिथे, कात अडकली. ती ओढायची, दमायची, परत ओढायची. डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवले होते की असे झाले तर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने भिजवून हलकेच सोडवा, जोर लावला तर जखम उघडेल.

इस्त्रीवाल्याने पाण्यात माप बुडवले, आकडा वाचला आणि बोळा भिजवला. ठिपकीला हातात घेतले. बोळा तिच्या पोटाजवळ नेला आणि थांबला.

"बटण, तू कर."

"मी?"

"मला कळणार नाही मी किती दाबतोय. तुझ्या हाताला कळेल. तू लाव आणि मला सांगत जा."

तिने आईकडे पाहिले, मग बोळा घेतला. तिच्या तळहाताची पांढरी रेघ ठिपकीच्या पोटाशी आली. "सुटतेय," ती पुटपुटत होती, "थोडी सुटली... इथं घट्ट आहे, थांबते... सुटली." तो फक्त ठिपकीला धरून होता आणि ती सांगेल त्याला हो म्हणत होता. कातेचा शेवटचा तुकडा निघाला तेव्हा खाली नवी कातडी होती. सुरकुतलेली, ठिपके नसलेली, पण बंद. रक्ताचा थेंब नव्हता. इस्त्रीवाल्याने ठिपकीला पेटीत सोडले, मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ नुसता तोंड धूत राहिला.

पुढे डॉक्टरबाई म्हणाल्या की कात घासायला पेटीत एखादा खडबडीत दगड असलेला बरा. म्हणून आता मी पुन्हा पेटीत आहे. गार बाजूला, तार नसलेला, निव्वळ दगड. ठिपकी मला अंग घासते. कधीकधी चढून बसते, पोट टेकवते आणि वाट पाहते. ते बिनठिपक्यांचे पोट माझ्या पाठीला लागते. मी तिला काही देऊ शकत नाही. थोड्या वेळाने ती उतरते आणि पलीकडच्या उबेच्या गुहेकडे चालू लागते. जा बाई, जा, असे मी मनात म्हणतो आणि ती आत शिरेपर्यंत बघत राहतो.

मित्रांनो, मी तुमच्याकडे माफी मागत नाही. जिने माफ करायचे तिला काही ठाऊकच नाही, मग माफी मिळणार कुठून? हे ओझे माझ्यापाशीच राहणार आणि ते राहू दे. तुम्हाला एकच सांगतो. तुमच्या घरी एखादा मुका जीव असेल तर त्याला ऊब जरूर द्या, पण आपल्या हाताच्या भरवशावर देऊ नका. त्याच्या पोटाखाली आधी माप ठेवा. आकडा वाचा, रोज वाचा, आणि डाग दिसला तर दुसऱ्यांदाही बोला. कारण तो जीव तक्रार करणार नाही. तुम्ही त्याला भाजत असलात, तरी तो येऊन तुमच्यावरच पोट टेकवेल आणि डोळे मिटेल.